थोरली जिवंत आहे

४ फेब्रुवारी, रविवार

बाई,

थोरली जिवंत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, म्हणजे अक्षर ओळखून तुम्ही पुढचं न वाचता पत्र ठेवून दिलंत तरी एवढं तुमच्यापर्यंत पोचेल.

जिवंत म्हणजे ती नाही, पण तीच. तुम्हीच शिकवलंत. थोरलीसारखं समुद्रफूल जागा सोडून सरकतं तेव्हा त्याच्या पायाचा एखादा तुकडा काचेला चिकटून मागे राहतो. त्या तुकड्याला काही दिवसांनी तोंड फुटतं, तोंडाभोवती बोटं फुटतात. त्याला लेक म्हणायचं की बहीण, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "मावशी, या नात्याला आपल्याकडे नाव नाही. ती स्वतःच दुसरीकडे आहे, एवढंच."

तर ती स्वतः सध्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. एकशे चौदा ठिकाणी आहे. काल मोजली.

नऊ वर्षांपूर्वी कॉलेजातल्या तुमच्या खोलीत समुद्राच्या जिवांच्या टाक्यांतलं सगळं मेलं आणि त्या धुऊन कोरड्या करायचा हुकूम आला. तुम्ही तोवर गेला होतात. मी एकटीच धूत होते. खिडकीतल्या फळीवर मुलांच्या प्रॅक्टिकलचं एक काचेचं भांडं राहिलं होतं. ते टाक्यांच्या पाण्यावर नव्हतं, त्यात मी किनाऱ्यावरून बादलीनं आणलेलं पाणी घालायची. आत एक दगड, आणि दगडावर तिळाएवढे दोन ठिपके. भिंग लावलं, तर दोन्ही ठिपक्यांनी बोटं आवरून घेतली. आदल्या सत्रात मुलांना दाखवायला थोरलीला आठवडाभर त्या भांड्यात ठेवली होती, आठवतं? जाताना पायाचे तुकडे सोडून गेली होती.

मी भांडं पदराखाली घेतलं आणि घरी आले. चोरी म्हणायची तर चोरी. पण हुकूम धुऊन टाकायचा होता, आणि मेलेलं धुवायचं असतं, जितं नाही.

सून आली तेव्हा तीन बरण्या होत्या, आता नऊ आहेत. ती म्हणते, "आई, आपल्याकडे पाहुण्यांना बसायला जागा नाही आणि बिनहाडाच्यांना खिडकीतली जागा." तोंडानं म्हणते, पण मी तापात होते तेव्हा कोळंबीचे मोहरीएवढे तुकडे करून चिमट्यानं एकेकीला तिनंच भरवलं. घास धरताना बोटं मिटतात ते बघून मला हाक मारली, "आई, हिला कळतं!" मी म्हटलं, "डोकं नाही तिला. सगळ्या अंगभर जाळं पसरलंय, त्या जाळ्याला कळतं." हे मी कुणाचं बोलले, ते तुम्हाला सांगायला नको.

बाई, आभार मानायचे राहून गेले. एकतीस वर्षं झाली या कॉलेजात. सातवी शिकलेली, झाडू मारायला लागलेली बाई मी. पहिल्या आठवड्यात फरशी पुसत होते तर तुम्ही ओरडलात, "थांबा! हलू नका." मला वाटलं, काहीतरी फोडलं. तुम्ही म्हणालात, "तुमची सावली बघा कुठं पडली." टाकीतले नळीतले किडे, ते पिसांच्या पंख्यासारखे फुलून बसलेले, माझी सावली पडताच सगळेच्या सगळे एका झटक्यात आत गेले होते. नुसत्या नळ्या उभ्या. तुम्ही स्टूल ओढून मला बसवलंत. स्वतः उभ्या राहिलात. "आता बघत बसा, कोण आधी बाहेर येतो." अर्धा तास बसले. कामाच्या वेळात मला बसायला सांगणारं आयुष्यात दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

त्यानंतर तो स्पंज. तुम्ही जिवंत स्पंजाशेजारी ड्रॉपरनं रंगाचं पाणी सोडलंत. तो रंग त्याच्या अंगावरच्या बारीक भोकांतून आत गेला आणि वरच्या मोठ्या भोकातून धुरासारखा बाहेर आला. मला तोवर वाटायचं, ती घासणी आहे. मग तुम्ही त्याचा एक तुकडा कापडातून पिळून काढलात, सगळा चिखल झाला. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भांडं दाखवलंत, तो चिखल पुन्हा गोळा व्हायला लागला होता. आपापले शोधून एकमेकांना धरत होता. "लिहा," म्हणालात. "मला कुठं लिहिता येतं असलं?" "जे दिसलं ते लिहा. मोठे शब्द मी घालीन." तेव्हापासून रोजची वही. पाण्याची ऊब, खारटपणा, कोण जेवलं, कोण रुसलं. ती अजून चालू आहे. या नऊ वर्षांच्या अकरा वह्या झाल्या.

आमचे हे गेले. मागच्या जून महिन्यात. फार त्रास झाला नाही. तुमची आठवण काढायचे.

त्या वेळी टाक्यांना काय झालं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. असो. तुमचा पत्ता जुन्या हेडक्लार्ककडून मिळाला. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

तुमची
मावशी

२७ फेब्रुवारी, मंगळवार

बाई,

तुमचं कार्ड आलं. नऊ वर्षांनी एक ओळ: 'घरी पाणी कशानं भरता?'

मी लगेच उत्तर लिहिलं. प्लास्टिकच्या बादलीनं आणते, प्लास्टिकच्या नळीनं बदलते, धातूचं काही लागू देत नाही, वगैरे. पाकीट चिकटवलं. मग ते टेबलावर आठ दिवस पडून राहिलं. सून म्हणाली, टाकून येऊ का? मी म्हटलं, नको. शेवटी फाडलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं.

त्या वर्षी सुट्टीच्या आधी वरच्या टाकीतून येणारी नळी जोडावर गळायला लागली होती. तुम्ही ऑफिसला तीन अर्ज केलेत. सुट्टी लागली, तुम्ही परिषदेला गेलात. पाणी थेंब थेंब जातंय, तुमचे जीव उघडे पडतील म्हणून मी आमच्या यांना म्हटलं, येऊन बघा जरा. हे नळकाम करणारे, तुम्हाला माहीतच आहे. माझ्याकडे खोलीची किल्ली होती. मी दार उघडून दिलं आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून निघून गेले. यांनी सडका तुकडा कापला आणि पिशवीतली हातभर नळी तिथं बसवली. चांगली नळी. तांब्याची. कुणाच्या बंगल्याच्या कामातली उरलेली, यांनी जपून ठेवली होती. संध्याकाळी घरी आले ते खुशीत. "बाईंच्या खोलीला साधं सामान नाही लावलं," म्हणाले.

मी टाकीमागे वाकून बघितलं नाही. गळती थांबली होती, मी वहीत लिहिलं, 'गळती बंद.' कुणी केली ते लिहिलं नाही, कारण बाहेरच्या माणसाला खोलीत घ्यायची परवानगी नव्हती.

टाकीत हात घालण्याआधी अंगठी काढायची, तांब्याचं नाणंसुद्धा पाण्यात पडू द्यायचं नाही, हे मला पाठ होतं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते दरडावून सांगायची. मासा सोसेल, पण बिनकण्याच्याला तांबं विष आहे. आणि तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरत होतं, रोज थोडं थोडं कडू होत.

आधी नळीतले किडे गेले. नळ्या सोडून बाहेर येऊन तळाशी पडले, तसे ते कधी येत नाहीत. मग स्पंज राखाडी पडला, रंग सोडला तर आत ओढेना. समुद्रफुलं मिटली ती उघडेनात. थोरली सर्वात शेवटी. तुमच्या सरांनी पकडून आणलेली, चाळीस वर्षांची. पाय सुटून ती पाण्यावर तरंगली त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसून राहिलात. मी चहा आणला, तो तसाच होता.

शेजारच्या टाकीतले मासे मात्र मजेत. त्यावरूनच सगळं उलटलं. चौकशीला आलेले म्हणाले, मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे. मग फक्त याच टाक्यांत काय गेलं? यांची भांडी कोण धुतं? मुंगी धुते. तुमची मुंगी, चार वर्षं तुमच्या हाताखाली संशोधन करणारी, सकाळी सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या शेवटी जाणारी. कशानं धुतलीस? साबण लावलास का?

तिची चौकशी सुरू झाली त्याच दिवशी मी टाकीमागची जाळी पुसायला आत शिरले. वर बघितलं. नळीच्या तोंडाशी तांब्याला धरतं तसं हिरवं धरलं होतं.

बाई, तेव्हाच तुमच्याकडे यायला हवं होतं. पण हे त्याच आठवड्यात बांधकामावरून पडले होते, कमरेचं हाड मोडून हॉस्पिटलात होते. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने उठायचं नाही. घरात कमावती मी एकटी, आणि परवानगीशिवाय खोली उघडून दिलेली. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची नळी आणली, यांच्या पिशवीतली हत्यारं घेतली, आणि जसं यांना करताना पाहिलं होतं तसं बदललं. तांब्याची नळी घरी नेली.

त्यानंतर तीन दिवसांनी मला आत बोलावलं. तुम्ही समोरच बसला होतात. "सुट्टीत या खोलीत बाहेरचं कुणी आलं होतं?" आमचे हे बाहेरचे कसे, असं मनाशी म्हणत मी सांगितलं, "नाही."

यांना मी कधी बोलले नाही. शेवटच्या दुखण्यातही म्हणायचे, बाईंच्या खोलीचं काम माझ्या हातचं आहे. ते होते तोवर मला हे पत्र लिहिता आलं नसतं. आता तेही कारण उरलं नाही.

नळी अजून हत्यारांच्या पिशवीत आहे.

मावशी

२१ मार्च, गुरुवार

बाई,

तुमचं चार पानी पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा घरी, एकदा किनाऱ्यावर पाणी भरायला गेले तिथं खडकावर बसून. बादली वाहून गेली, शेजारच्या कोळ्यानं आणून दिली.

तुम्ही लिहिता, 'मी तिसऱ्या दिवशीच टाकीमागे पाहिलं होतं. पांढरी कोरी नळी आणि नव्या गोंदाचा वास. नवी नळी ज्या अर्थी गुपचूप बसली, त्या अर्थी आधी तिथं काय होतं ते मला कळलं. तुम्ही "नाही" म्हणालात तेव्हा मला ठाऊक होतं की ते खोटं आहे.'

म्हणजे मी 'नाही' म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते रागानं नव्हतं. मी नऊ वर्षं त्या नजरेला भीत आले.

'तुमचे यजमान अंथरुणाला खिळलेले. एक शब्द बोलले असते तर तुमची नोकरी जात होती. माझी दोनच वर्षं उरली होती. वाटलं, मी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला की प्रकरण मिटेल.'

बाई, माझं घर तुमच्यामुळे उभं राहिलं. हे पुढच्या जून महिन्यात चालायला लागले ते त्या पगारावर. मुलाचं शिक्षण झालं, सून आली. आणि यातलं काहीही मला न सांगता तुम्ही एका पेटीनिशी निघून गेलात. गेटपर्यंतसुद्धा मी आले नाही, कारण मला वाटलं तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल. काय बोलू? पाया पडते म्हटलं तर पत्रातून कसं पडायचं?

पण तुमच्या पत्राचं शेवटचं पान आहे ना, ते वाचल्यापासून मला नुसते आभार मानता येत नाहीत. 'माझ्या जाण्यानं प्रकरण मिटलं नाही. त्यांनी अहवालात मुंगीचं नाव लिहिलं. ते लिहितील हे माझ्या मनात आलं नव्हतं. आलं असेल तर मी ते येऊ दिलं नाही. कळल्यावर पुन्हा तोंड उघडायचं धैर्य झालं नाही, कारण मग मी आधी गप्प का, हेही सांगावं लागलं असतं. तेव्हा माझी माफी मागू नका. तिच्या बाबतीत आपण दोघी एकाच बाजूला उभ्या आहोत.'

खरं आहे. तुम्ही मला वाचवलंत ते तिच्या जिवावर, आणि वाचले मी ते तिच्या जिवावर. तिची चार वर्षं गेली, पदवी गेली, नाव गेलं. तिनं तर फक्त भांडी धुतली होती.

तुम्ही म्हणता, तुम्ही इथं येऊन तिला सांगाल. डोळ्यांचं ऑपरेशन ताजं असताना एवढा प्रवास करू नका. खोली मी उघडून दिली, नळी मी बदलली, 'नाही' मी म्हणाले. आधी मी जाईन. तुमचंही सांगू का? तेवढं कळवा.

मावशी

९ एप्रिल, मंगळवार

बाई,

'सगळं सांगा, माझंही,' एवढाच निरोप आला. काल जाऊन आले.

मुंगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसरा मजला, जिन्यात ब्लीचिंगचा वास. भिंतभर बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. ती खिडकीशी उभी राहून चिठ्ठ्या लिहीत होती. तशीच बारीक, केस मात्र पुढून पांढरे झालेत. अजून चाळिशीसुद्धा नाही गाठली पोरीनं.

"मावशी! तुम्ही? नमुना आणलात का पाण्याचा?"

"नमुनाच म्हण," मी म्हटलं. "बसून बोलू या?"

"बोला ना, माझे हात चालू राहू देत." तिनं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी उभ्यानंच सांगितलं. तुम्हाला लिहिलं त्याच क्रमानं. तांब्याची नळी म्हणाले तेव्हा तिचं पेन थांबलं. हातातली चिठ्ठी तिनं पूर्ण लिहिली, बाटलीला बांधली, पेनाला टोपण लावलं.

"पुन्हा सांगा," म्हणाली. "सावकाश. तारखांसकट."

पुन्हा सांगितलं. तारखा वहीतून उतरवून नेल्या होत्या.

मग म्हणाली, "मी साबण कधीच लावला नव्हता, मावशी. नुसतं साधं पाणी. मला पक्कं माहीत होतं. पण पाच जणांनी पाच वेळा विचारलं, तेव्हा सहाव्यांदा मीच स्वतःला विचारलं, लावला असेल का? घाईत? बाटली बदलली असेल? तेव्हापासून विचारतेच आहे. इथं लोक एक बाटली दोनदा खंगाळतात, मी पाचदा खंगाळते. सगळे हसतात. त्यांना वाटतं, मी फार काटेकोर आहे."

मला वाटलं होतं तिची पदवी गेली, नोकरी साधी मिळाली, एवढंच तिचं नुकसान. हे मला माहीतच नव्हतं, बाई. तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला होता.

मी म्हटलं, "तुझ्या हातून काही झालं नव्हतं गं. काहीच नाही."

तिनं चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. रडली नाही. मीच रडले, आणि तिनं मला पाणी दिलं. तेही तपासलेलं असणार.

मग विचारलं, "बाईंना कधी कळलं?"

मी खरं ते सांगितलं.

तेव्हा मात्र ती उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुम्ही घाबरलात, ते मला समजतं. नवरा हॉस्पिटलात, नोकरी जाईल. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, देव जाणे. पण त्या कशाला घाबरल्या? त्यांना कोण काय करणार होतं?"

प्रश्न तिचा आहे, मी फक्त तुमच्याकडे पोचवते.

निघताना म्हणाली, "हे सगळं लिहून द्या. कॉलेजच्या नावानं, सहीनिशी. आणि ती नळी मला आणून द्या. तांबं मोजायचं यंत्र इथंच आहे, रोज हेच करते मी." माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला आली. दोन पायऱ्या उतरले तेव्हा वरून विचारलं, "मावशी, एकशे चौदा म्हणालात?"

"एकशे सतरा. काल पुन्हा मोजली."

"मी रविवारी बघायला येते," म्हणाली.

मावशी

३० जून, रविवार

बाई,

तुमच्या सहीचा कागद वेळेवर पोचला. कसं कसं झालं ते सांगते.

मुंगीनं आपल्याच समुद्राचं पाणी दोन बाटल्यांत घेतलं. एकीत नळीचा कापलेला तुकडा, दुसरीत काही नाही. रोज मोजलं. मी म्हटलं, खात्री करायला थोरलीतली एखादी सोडायची का त्यात? तर माझ्यावर डोळे वटारले. "तिला एकदा मारलं ते पुरे झालं. आकडे पुरतात." आकडे पुरले. तो तक्ता, माझा जबाब, तुमचा जबाब आणि माझ्या त्या वेळच्या वहीचं पान, असं सगळं घेऊन आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. नवे आहेत, तुम्ही त्यांना पाहिलं नाही. त्यांनी सगळं वाचलं आणि आधी मला म्हणाले, "मावशी, तुम्ही दोन महिन्यांत निवृत्त होताय, तुम्हाला याची गरज काय होती?" मी म्हटलं, "गरज हिला होती, सर."

दोन महिने लागले. पण कागद आला. आधीच्या अहवालातला तिच्यावरचा ठपका मागे घेतला, खोलीतल्या दुरुस्तीमुळे पाण्यात तांबं उतरून ते घडलं, असं स्वच्छ लिहिलंय. कागद तिनं माझ्याच घरी उघडला. एकदा वाचला. सुनेला दिला. सुनेनं मोठ्यानं वाचला, मग माझा मुलगा आला त्याला पुन्हा वाचून दाखवला. मुंगी ऐकत होती, दुसऱ्या कुणाची बातमी ऐकावी तशी. मग म्हणाली, "अजून एकदा वाचा ना."

मला निरोप समारंभ झाला नाही. लेखी समज मिळाली, तीही शेवटच्या दिवशी. मिळायला हवीच होती. बाकीच्या मावश्यांनी पाठीमागच्या व्हरांड्यात चहा केला, तेवढं पुष्कळ झालं. आमच्या यांचं नाव जबाबात लिहायला हात उचलत नव्हता. पण मुंगीनंच सुचवलं, 'चांगल्या हेतूनं' असं लिहा, ते खरं आहे. लिहिलं.

पदवीसाठी तिनं पुन्हा नाव घातलेलं नाही. विचारलं तर म्हणते, बघू. पण दर रविवारी येते. माझ्या अकरा वह्या तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतल्यात. चौथ्या वहीत एकदम थांबली. "मावशी, ज्या आठवड्यात पाणी तापतं, त्यानंतर पायाचे तुकडे जास्त सुटतात. दर वर्षी. हे तुमच्या लक्षात आलं होतं?" मी म्हटलं, "लक्षात आलं म्हणून तर लिहिलं." ती इतकी हसली की सून आतून बघायला आली. नऊ वर्षांनी तिचं हसणं ऐकलं मी. बाई, त्या वह्या लिहायला तुम्ही लावल्यात. दिसलं ते लिहा म्हणालात म्हणून माझ्या घरात ही एवढी शिल्लक राहिली. तुमचं चुकलं ते चुकलं, माझं त्याहून जास्त चुकलं. तरी मला बघायला तुम्ही शिकवलंत. एकीकडे एक नि दुसरीकडे दुसरं, मी दोन्ही धरून आहे. यातलं कुठलंच सोडायला मला जमत नाही, आणि आता सोडावंसंही वाटत नाही.

तुम्ही मुंगीला लिहिलेली दोन्ही पत्रं तिच्याकडे पोचली. तिनं ती फोडली नाहीत. जपून ठेवलीत, पण फोडली नाहीत. मागच्या रविवारी मी भीत भीत विषय काढला, तर म्हणाली, "मी विचारलं होतं ते मला कागदावर नको आहे. समोर बसून सांगू देत." मी म्हटलं, त्यांचे डोळे अजून प्रवासाला तयार नाहीत. ती म्हणाली, "माझे आहेत."

म्हणून हे पत्र टपालानं येणार नाही.

बरोबर डबा आहे, त्यात थोरली अकरा ठिकाणी आहे. वाटेत पाणी कसं बदलायचं, झाकण किती सैल ठेवायचं, मी सगळं सांगायला लागले तर म्हणाली, "मावशी, मला येतं." खरंच येतं तिला. डबा तिनं मांडीवर धरूनच सगळा प्रवास केला असेल, हे मी इथं बसून सांगते.

ती तुमच्यावर रागावलेली आहे. लपवणार नाही, तुम्हीही समजूत घालायला जाऊ नका. जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्या, कितीही लाज वाटली तरी. मी दिलं, मरत नाही माणूस. तिला चहात साखर कमी लागते. भूक लागली तर सांगत नाही.

आणि बाई, मी तुम्हाला ओळखते. पाकीट हातात आलं की तुम्ही उभ्या उभ्या वाचायला लागता. दार उघडून, तिला उंबऱ्याबाहेर डबा घेऊन तशीच उभी ठेवून तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल, तर आता पुरे.

तिला आत घ्या.

मावशी